फुग्यातली अक्षरं

दिलावर शिकलगार चित्रं काढतो,
मी फुग्यांत अक्षरं भरते.
पात्राच्या तोंडाशी शेपटी आलेला पांढरा गोळा असतो ना,
त्याला आम्ही फुगा म्हणतो.
उद्यमनगरात, बंद फाउंड्रीच्या माळ्यावर
दोन टेबलं, एक पंखा
आणि काळ्या शाईच्या एकोणीस बाटल्या,
कारण बाविसाव्या पानापासून
सगळं शहर रात्रीतच आहे.

गोष्ट अशी:
कंपनीनं कोल्हापूर घेतलंय.
जबरदस्ती नाही हां, लकी ड्रॉ.
तिसऱ्या पानावर लोक आपणहून रांगेत,
एक सही, एक मिक्सर.

पान नऊ. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
म्हशीच्या कपाळाला बारकोड.
आधी अंगठा द्यायचा, मग धार निघते.
फेसाचे पैसे वेगळे.

पान चौदा. तालमीतली तांबडी माती
पन्नास ग्रॅमच्या पाकिटात,
पाठीमागं बारीक अक्षरांत: अंगाला लावू नये.
ही अक्षरं मी भिंगाखाली काढली, दोन रात्री.
दिलावर म्हणाला, कोण वाचणार?
म्हटलं, कोणी वाचू नये म्हणूनच तर काढतेय.

पान सतरा. 'नाद खुळा' हे शब्द आता कंपनीचे.
उच्चारले की खात्यातून दीड रुपया.
पैलवान बापू कुरणे शेवटच्या घटका मोजतोय,
पणतू पहिल्यांदा मांडीवर दिलाय,
तो नुसता 'नाद' म्हणतो आणि थांबतो.
पाऊण रुपया कापला जातो.
हे सुचलं तेव्हा दिलावर हसून हसून
खुर्चीवरून पडला होता.
मग बसला चेहरा काढायला
आणि बापूला त्यानं स्वतःच्या बापाचं नाक दिलं,
तुटके कान दिले.
कुणाला सांगू नको म्हणाला.

मार्चमध्ये पुण्याहून केळुसकर आले.
खरी कंपनी. दूध, विमा, चप्पल, सगळं.
उभ्यानं वाचलं त्यांनी, पान न् पान,
आणि जिथं हसायचं तिथंच हसले.
मला भीती वाटली ती याचीच.
सतराव्या पानाला तर रुमाल काढला.
म्हणाले, धमाल आहे, आम्हाला हे हवंय.
एक किलो तुपावर एक भाग मोफत.
म्हैस टी-शर्टवर.
आणि तो बारकोड आपण खरा करू या,
स्कॅन केला की दहा टक्के सूट.

बापूचं काय करणार? दिलावरनं विचारलं.
ते म्हणाले, तो इमोशनल आहे,
त्याला दिवाळीत घेऊ.

आकडा ते तोंडानं बोलले नाहीत.
माझीच पेन्सिल उचलली,
कच्च्या पानावर एक फुगा काढला
आणि आत लिहिला.
अक्षर वाईट होतं. शून्यं एकमेकांना चिकटलेली.
मी मनातल्या मनात ती सोडवली,
सारखं अंतर ठेवलं,
शाई फिरवली,
आणि मग लक्षात आलं मी काय करतेय.

दिलावरच्या थोरलीची फी जूनमध्ये भरायचीय.
पंखा त्याचा नाही. माळाही नाही.
हे मी कवितेत घालू नये, पण घातलं.

संध्याकाळी गंगावेशीला गेलो.
धार थेट ग्लासात, ग्लास गरम.
दिलावरनं मोबाईल धरला,
खांबाला बांधलेल्या डबीतून एक बाई बोलली:
चाळीस रुपये प्राप्त झाले.
म्हशीनं कान हलवला.
गवळी म्हणाला, सवय झालीय तिला,
आता हा आवाज आल्याशिवाय पान्हाच सोडत नाही.

हे आम्ही काढलं नव्हतं.
काढलं असतं तर केळुसकर म्हणाले असते,
इथं जरा जास्त होतंय.

दिलावरनं मिशीवरचा फेस पुसला नाही.
परत येताना एवढंच बोलला:
शेवटच्या पानावर म्हैस काय म्हणणार, ठरलं का?
कागद अजून शाईच्या बाटलीखाली आहे.
मी फुगा काढून ठेवलाय, जरा मोठाच,
शेपटी तिच्या तोंडाकडं वळवलीय.
निब धुतलंय.
आत अजून काही लिहिलेलं नाही.